मानमंदिराचा निळा आणि अंतराळयानाचा करडा

ग्वाल्हेर म्हटले की गोमंतकीय रसिकाला प्रथम घराणे आठवते, किल्ला नंतर. वस्तुतः दोन्हींच्या इतिहासात एकच नाव भेटते. ध्रुपदाला आश्रय देणारा राजा मानसिंह तोमर याने १४८६ ते १५१६ या काळात ग्वाल्हेरवर राज्य केले आणि किल्ल्याच्या पूर्व कड्यावर आपला महाल उभारला. हाच मानमंदिर महाल. पिवळसर वालुकाश्माच्या उंच भिंतीवर निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या झिलईदार टाइल्सचे पट्टे आहेत. त्यांत बदकांची रांग आहे, हत्ती आहेत, मगरी आहेत, केळीची झाडे आहेत. बऱ्याच टाइल्स गळून पडल्या असल्या तरी उरलेला निळा पाहणाऱ्याला थांबवतो.

हा निळा नेमका कोणता, हा प्रश्न पर्यटकाला पडत नाही. संगणकावर मानमंदिराची त्रिमितीय प्रतिकृती करायला बसलेल्या माणसाला मात्र तो पहिल्याच दिवशी अडवतो, कारण संगणकाला ‘निळा’ हा शब्द कळत नाही. त्याला आकडे लागतात. महाजालावर मानमंदिराची शेकडो छायाचित्रे आहेत आणि त्यांपैकी कोणत्याही दोनमधील निळा सारखा नाही. एकात तो मोरपिशी दिसतो, दुसऱ्यात शाईसारखा, तिसऱ्यात जवळजवळ हिरवा. यांतला खरा कोणता मानायचा?

गंमत अशी की, या प्रश्नावर हट्टाने आणि वर्षानुवर्षे वाद घालण्याचे काम पुरातत्त्वज्ञांइतकेच, किंबहुना अधिक आवाजात, विज्ञानकथेतील एका काल्पनिक यानाच्या चाहत्यांनी केले आहे. त्या वादातून जी शिस्त तयार झाली ती ग्वाल्हेरच्या भिंतीलाही लागू पडते. म्हणून आधी त्या यानाकडे वळणे सोयीचे.

अकरा फुटी यानाचे रंगप्रकरण

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली. तिच्यातील ‘एंटरप्राइझ’ या यानाचा आराखडा मॅट जेफरीज यांचा. चित्रीकरणासाठी १९६४ मध्ये त्याची सुमारे अकरा फूट लांबीची प्रतिकृती लाकूड, प्लास्टिक आणि पत्रा वापरून तयार करण्यात आली. पडद्यावर हे यान कधी पांढरे, कधी निळसर, कधी राखाडी दिसे. त्याला कारणे होती. निळ्या पडद्यासमोर चित्रीकरण करायचे, मग तो निळा वगळून मागे तारे जोडायचे, त्या जोडकामाच्या फिल्मच्या प्रतीवर पुन्हा प्रत काढायची. प्रत्येक पायरीला रंग थोडा सरकत असे. शेवटी प्रेक्षकाच्या घरातला संच. त्या काळच्या अमेरिकी रंगीत प्रक्षेपणपद्धतीला तंत्रज्ञच थट्टेने ‘एकच रंग दोनदा न दाखवणारी पद्धत’ म्हणत.

मालिका संपल्यावर १९७४ मध्ये ही प्रतिकृती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे आली. पुढे तिची अनेकदा डागडुजी झाली आणि प्रत्येक वेळी नव्या रंगाचा हात फिरला. १९९१ च्या डागडुजीत पृष्ठभागावरील पत्र्यांच्या जोडरेषा ठळक करण्यात आल्या आणि त्या पाहून अनेक चाहते नाराज झाले. आमच्या आठवणीतले यान असे नव्हते, ही त्यांची तक्रार होती. आता गंमत पाहा : त्यांच्या आठवणीतले यान म्हणजे दूरचित्रवाणी संचावरचे यान. रंगशाळेतले खरे यान त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

२०१४ मध्ये संग्रहालयाने प्रतिकृती संवर्धनासाठी हलवली. क्ष-किरण आणि अतिनील प्रकाशाखाली तिची तपासणी झाली. जुने थर कुठे आहेत, नंतरची भर कुठे आहे, हे पाहिले गेले. संग्रहालयाने लोकांकडून जुनी छायाचित्रेही मागवली. या सगळ्यात निर्णायक पुरावा ठरला तो यानाच्या बशीसारख्या भागाच्या वरच्या पृष्ठभागाचा. आधीच्या डागडुज्यांत हा भाग पुन्हा रंगवला गेला नव्हता; १९६० च्या दशकातील मूळ रंग तिथे जसाच्या तसा होता. आणि तो पांढरा नव्हता, निळसरही नव्हता. तो किंचित हिरवट झाक असलेला फिकट करडा होता. बाकीचे यान या मूळ तुकड्याशी जुळवून रंगवले गेले आणि २०१६ मध्ये ते पुन्हा दर्शनी दालनात उभे राहिले.

म्हणजे रंगाचे दोन ‘खरे’ निघाले. एक वस्तूचा, दुसरा पडद्याचा. संगणकावर हे यान घडवणाऱ्याने हिरवट करडा भरला तर वस्तूशी इमान राखले जाते; पण मालिकेतल्यासारखा प्रकाश दिल्याशिवाय ते यान मालिकेतले वाटत नाही. आणि पडद्यावरचा निळसर रंग थेट पृष्ठभागावर भरला तर कोणत्याही नव्या प्रकाशात ते यान खोटे दिसते. पृष्ठभागाचा रंग आणि प्रकाशाचा रंग या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्या एकत्र कालवायच्या नाहीत, हा धडा या क्षेत्रातल्या प्रत्येकाला कधी ना कधी शिकावा लागतो.

मॅचिंग सेंटरमधली युक्ती

हे तत्त्व मराठी घरांना अपरिचित नाही. साडीला ब्लाउजपीस जुळवायला गेलेली गृहिणी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कधीच निर्णय घेत नाही. कापड घेऊन ती उंबऱ्याबाहेर उन्हात येते. आत अगदी एकसारखी वाटणारी दोन कापडे बाहेर वेगळी निघतात, हा तिचा अनुभव असतो. दोन पृष्ठभाग एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात भिन्न दिसणे याला रंगशास्त्रात ‘मेटामेरिझम’ म्हणतात. दोन्ही कापडांतील रंगद्रव्ये वेगळी असल्याने ती प्रकाशाचे वेगवेगळे भाग परावर्तित करतात; विशिष्ट दिव्याखाली मात्र डोळ्याला त्यांची बेरीज एकच वाटते.

छायाचित्रातला प्रत्येक ठिपका असाच एक बेरजेचा आकडा असतो. त्यात पृष्ठभागाचा स्वभाव असतो, त्यावर पडलेला प्रकाश असतो आणि कॅमेऱ्याने स्वतःच्या बुद्धीने केलेली दुरुस्तीही असते. मोबाइलचा कॅमेरा तर आकाश अधिक निळे आणि दगड अधिक उबदार करून देतो, कारण ते ग्राहकाला आवडते. अशा छायाचित्रावर रंग उचलण्याचे साधन टेकवले की तीन आकडे मिळतात : लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकी ० ते २५५. या तिन्हींच्या जोडण्यांतून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग तयार होतात. एवढ्या मोठ्या संख्येतून एक आकडा हाती आला की अचूकतेचा भास होतो. प्रत्यक्षात तो आकडा टाइलचा नसतो. त्या दिवसाच्या त्या मिनिटाचा असतो.

मानमंदिराच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. महालाची दर्शनी भिंत पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी तिच्यावर थेट, पिवळसर ऊन पडते. दुपारनंतर ती सावलीत जाते आणि तिला उजेड मिळतो तो फक्त मोकळ्या आकाशाचा, म्हणजे निळा. सकाळच्या छायाचित्रात दगड सोनेरी आणि टाइल हिरवट. सायंकाळच्या छायाचित्रात दगड करडा आणि टाइल गडद निळी. प्रतिकृती करणाऱ्याने सायंकाळचे छायाचित्र भिंतीवर चिकटवले आणि मग संगणकात सूर्य उगवला, तर सावलीवर पुन्हा सावली पडते आणि निळ्यावर पुन्हा निळा चढतो. म्हणूनच अनेक छायाचित्रे जोडून त्रिमितीय आकार मिळवणारे फोटोग्रामेट्रीचे तंत्रज्ञ निरभ्र आकाशापेक्षा ढगाळ दिवस पसंत करतात. ढगांतून झिरपलेला प्रकाश सगळीकडून सारखा येतो, सावल्या विरतात आणि पृष्ठभाग त्यातल्या त्यात मूळ स्वरूपात सापडतो.

त्यापुढची पायरी म्हणजे साक्षीदार सोबत नेणे. १९७६ मध्ये प्रचारात आलेल्या ‘कलरचेकर’ या तक्त्यावर २४ चौकोन असतात आणि प्रत्येकाचा रंग आधीच मोजून ठेवलेला असतो. भिंतीशेजारी हा तक्ता धरून छायाचित्र घेतले की नंतर संगणकावर त्या चौकोनांवरून प्रकाशाची आणि कॅमेऱ्याची लबाडी वजा करता येते. याहून भरवशाचे साधन म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर. हे छोटे यंत्र पृष्ठभागाला टेकवले की दृश्य प्रकाशाच्या, म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात तो पृष्ठभाग कुठे किती प्रकाश परत पाठवतो याचा आलेख मिळतो. आकडा दिव्यानुसार बदलतो, आलेख बदलत नाही. मात्र संरक्षित वास्तूला यंत्र टेकवायचे तर पुरातत्त्व खात्याच्या संमतीनेच.

यानाचे रंगकाम आणि झिलईदार टाइल यांच्यात एक मोठा फरक आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. रंगकाम हा अपारदर्शक थर. झिलई ही काच असते. प्रकाश तिच्या आत शिरतो, रंगून परत येतो आणि काही भाग वरच्या चकाकीवरूनच उडून जातो. या काचेला रंग देतात धातू. कोबाल्टने गडद निळा येतो. तांब्याची करामत विशेष आहे : झिलईत सोडा-पोटॅशसारखे क्षार जास्त असतील तर तांबे फिरोजी रंग देते, आणि शिसे जास्त असेल तर तेच तांबे हिरवे होते. म्हणजे निळा आणि हिरवा यांच्यातली सीमा भट्टीतल्या पाककृतीवर अवलंबून असते. प्रतिकृतीत केवळ रंगाचे तीन आकडे भरले की टाइल रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखी दिसते. चकाकी, खडबडीतपणा आणि झिलईतल्या बारीक तड्यांची जाळी यांच्या वेगळ्या नोंदी द्याव्या लागतात.

त्यातही फिरोजी रंग संगणकाशी जुळवून घेत नाही. बहुसंख्य पडदे ज्या एसआरजीबी या प्रमाण रंगक्षेत्रात काम करतात, त्यात निळा आणि हिरवा यांच्यामधल्या प्रखर छटांना पुरेशी जागाच नाही. अतिशय रसरशीत फिरोजी त्या कुंपणाबाहेर पडतो आणि संगणक त्याला कुंपणाच्या कडेशी आणून बसवतो. तिथे प्रामाणिक तंत्रज्ञालाही तडजोड करावी लागते.

बाबराने पाहिलेला महाल

समजा, सर्व मोजमापे बिनचूक झाली. तरीही प्रतिकृती बरोबर होईल असे नाही, कारण मोजला तो आजचा रंग.

सप्टेंबर १५२८ मध्ये बाबर ग्वाल्हेरला आला. मानसिंहाच्या मृत्यूला तेव्हा बारा वर्षे झाली होती. बाबर पाहुणा म्हणून सहजासहजी खूश होणारा नव्हता. हिंदुस्थानातल्या बहुतेक गोष्टींत त्याला खोट दिसे. इथेही त्याने दालने अंधारी असल्याची, खालच्या मजल्यांवर मेणबत्त्या घेऊन फिरावे लागल्याची नोंद केली आहे. पण बाहेरचे रूप त्याने बारकाईने टिपले. त्याच्या आत्मचरित्राच्या बेव्हरिजबाईंनी केलेल्या इंग्रजी भाषांतरानुसार पूर्वेची भिंत घडीव दगडाची असून तिच्यावर पांढरा गिलावा होता, मोठ्या घुमटांवर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे जडवलेले होते आणि भिंतींवर चौफेर हिरव्या टाइल्सनी केळीची झाडे साकारलेली होती.

हे वर्णन वाचून आजच्या मानमंदिरासमोर उभे राहिले की प्रतिकृती करणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. ज्या मधाळ वालुकाश्मावर निळा इतका खुलतो, तो दगड मुळात दिसायचाच नव्हता, निदान पूर्वेकडे तरी. पांढऱ्या भिंतीवर निळे-हिरवे पट्टे आणि वर सोनेरी घुमट, हा रंगमेळ आजच्यापेक्षा सर्वस्वी वेगळा आहे. शेजारचा रंग बदलला की डोळ्याला तोच निळाही वेगळा भासतो. पत्रे आता नाहीत. मुलामा दिलेला धातू संगणकात दाखवणे हेही वेगळे कसब आहे, कारण चकचकीत धातूला स्वतःचा असा सपाट रंग नसतोच. तो सभोवतालचे आकाश आपल्या रंगात बुडवून परत देतो.

बाबराचा शब्दही डोळे मिटून घेता येत नाही. तो पाहुणा होता, सर्वेक्षक नव्हता. शिवाय केळीची झाडे ‘हिरवी’ म्हणणे कोणालाही स्वाभाविक. त्या हिरव्यात आपण ज्याला आज फिरोजी म्हणतो तो बसला असेल, अशी शंका घ्यायला जागा आहे. निळा आणि हिरवा यांच्यातली रेघ प्रत्येक भाषा निराळ्या ठिकाणी ओढते.

मग जुन्या छायाचित्रांचा आधार घ्यावा, तर तिथे आणखी मोठा सापळा आहे. लाला दीनदयाळ यांनी १८८० च्या दशकात ग्वाल्हेरच्या वास्तूंची उत्कृष्ट छायाचित्रे घेतली. ती कृष्णधवल आहेत, एवढीच अडचण नाही. त्या काळच्या काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि पिवळ्या-तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असत. परिणामी निळे आकाश पांढरे उठे आणि पिवळी वस्तू काळवंडे. अशा चित्रात निळी टाइल फिकट आणि पिवळी टाइल गडद दिसू शकते, म्हणजे प्रत्यक्षाच्या नेमके उलट. करड्या छटांवरून रंग ‘ओळखून’ जुनी चित्रे रंगीत करणाऱ्या आजच्या संगणकप्रणालींना ही जुन्या पट्ट्यांची खोड ठाऊक असेलच असे नाही. त्यांचा निकाल पुरावा म्हणून वापरणे म्हणजे अंदाजावर अंदाज रचणे होय.

ग्वाल्हेरच्या भिंतीवर यानाच्या बशीसारखा एखादा अस्पर्श तुकडा मिळू शकतो का? तत्त्वतः हो. छज्ज्याखालच्या सावलीत, पावसापासून बचावलेल्या कोपऱ्यात, कोरीवकामाच्या खोल खाचेत जुना गिलावा वा झिलई टिकण्याची शक्यता जास्त. संवर्धक अशाच जागा शोधतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजतात. प्रतिकृतीचा खरा आधार तिथे मिळतो. चौथऱ्यावरून काढलेल्या सेल्फीत नव्हे.

जुन्या गोव्यातला तांबडा

हे सारे दूरच्या किल्ल्याचे म्हणून सोडून देता येणार नाही, कारण तोच पेच गोव्याच्या दारात उभा आहे. १५९४ मध्ये पायाभरणी होऊन १६०५ मध्ये पूर्ण झालेली जुने गोवे येथील बॉम जीझस बॅसिलिका आज तांबड्या चिऱ्यांची म्हणून जगाला ठाऊक आहे. टपालाच्या तिकिटापासून पर्यटनाच्या जाहिरातीपर्यंत तिचा तोच रंग. परंतु तो मूळचा नव्हे. भिंतींवर चुन्याचा गिलावा होता; पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, १९५० च्या दशकात, वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली तो काढून टाकण्यात आला. चिरा सच्छिद्र असतो, गोव्याचा पाऊस त्याला सोसवत नाही. म्हणून गिलावा पुन्हा चढवावा, अशी मागणी अलीकडे होत आहे. तिला विरोधही आहे, आणि विरोधामागचे एक कारण उघड आहे : तीन पिढ्यांनी बॅसिलिका तांबडीच पाहिली आहे.

‘आठवणीतले यान’ आणि ‘खरे यान’ यांचा तोच झगडा. फरक इतकाच की, इथे चुकीच्या उत्तराची किंमत दगडाला मोजावी लागते.

संगणकीय प्रतिकृतीला मात्र एक सवलत आहे, जी प्रत्यक्ष वास्तूला नाही. ती एकाच वेळी दोन रंगांत असू शकते. एका थरावर आजची तांबडी बॅसिलिका, दुसऱ्यावर सतराव्या शतकातली पांढरी. एका थरावर आजचे मानमंदिर, दुसऱ्यावर बाबराच्या वर्णनातले. अट एकच : कोणता भाग मोजलेला आहे, कोणता लिखित साधनावरून घेतला आहे आणि कोणता निव्वळ तर्काने भरला आहे, हे प्रतिकृतीसोबत नोंदवायचे. २००६ मध्ये तयार झालेली ‘लंडन सनद’ वारसावास्तूंच्या संगणकीय दृश्यांकडून हीच अपेक्षा करते. यानाचे हौशी कारागीर आपल्या फाइलसोबत ‘हा करडा बशीच्या मूळ थरावरून, हा छायाचित्रावरून, हा माझ्या मनाने’ असे लिहून ठेवतात, तेव्हा तेही तेच करतात, सनदेचे नाव न घेता. वारसावास्तूंच्या अनेक आकर्षक चित्रफितींत ही साधी टीप आढळत नाही. घुमट सोनेरी का केला, भिंत पांढरी का ठेवली नाही, हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. आणि पाहिलेले डोळ्यांत बसते.

ग्वाल्हेरला जाण्याचा बेत असलेल्या हौशी मंडळींसाठी एवढे सांगता येईल. मोबाइलमधील आपोआप रंग सुधारणारी सोय बंद करावी आणि शक्य असल्यास कच्च्या स्वरूपातील, म्हणजे ‘रॉ’, फाइल जतन करावी. सोबत करड्या रंगाचा प्रमाण पुठ्ठा न्यावा. तो छायाचित्रणाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळतो. पुठ्ठा भिंतीला न टेकवता, पण तिच्यावर पडणाऱ्या त्याच उजेडात धरून पहिले छायाचित्र घ्यावे आणि तारीख, वेळ, आकाशाची स्थिती वहीत लिहावी. पावसाळ्याच्या अखेरीस गेल्यास ढगाळ सकाळ मिळण्याची आशा असते. बाबरही त्याच सुमारास तिथे पोहोचला होता.